ब्रेकचा सराव करायचा कुठे?

बिबवेवाडीत राहणाऱ्याला उताराची ओळख करून द्यावी लागत नाही. आई माता मंदिरापासून गंगाधाम चौकाकडे येणारा रस्ता रोजच ती करून देतो. सकाळी साडेआठच्या सुमारास या उतारावर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. कॉलेजला निघालेली मुले, मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या आया, कामावर जाणारे नोकरदार, पाठीवर मोठी पिशवी घेतलेले डिलिव्हरीवाले आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारे मार्केट यार्डाचे टेम्पो. एवढ्यात एखादी रिक्षा अचानक डावीकडे वळते. मागचा दुचाकीस्वार दचकतो, मागचा ब्रेक करकचून दाबतो, टायर किंचाळतो, गाडीचे बूड हलते आणि दोन्ही पाय आपोआप जमिनीवर टेकतात. बहुतेक वेळा निभावते. रिक्षावाल्याला दोन शब्द ऐकवून दुचाकीस्वार पुढे जातो.

या प्रसंगात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. त्या माणसाने उजव्या हातातला पुढचा ब्रेक जवळजवळ वापरलेलाच नसतो. का वापरला नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. त्याला गाडी शिकवणाऱ्या काकाने, दादाने किंवा मित्राने पहिल्याच दिवशी बजावलेले असते, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा पडशील.’ पुण्यात दुचाकीच्या दोन पिढ्या या एका वाक्यावर वाढल्या. सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग शिकवायला आपल्याकडे जागा नाही, वेळ नाही आणि तशी पद्धतही नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

दोन सेकंदांचा हिशेब

आधी आकड्यांकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतील ७४ हजार ८९७, म्हणजे शंभरातील सुमारे ४४, दुचाकीवर होती. हेल्मेट नसल्याने त्या वर्षी ५० हजारांवर बळी गेले, अशी नोंदही त्याच अहवालात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण कोणताही आजार नसून रस्त्यावरचा अपघात आहे. त्यामुळे हा जितका वाहतुकीचा विषय आहे, तितकाच आरोग्याचाही आहे.

दुचाकीच्या अपघातात शेवटच्या क्षणी नेमके काय घडते, याचा सखोल शोध अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने घेतला. त्याच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांच्या जागी जाऊन तपास केला आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. तो आता जुना झाला असला, तरी त्यातील तीन निष्कर्ष गंगाधाम चौकात आजही लागू पडतात. पहिला असा की, धोका दिसल्यापासून धडक होईपर्यंत चालकाला सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. दुसरा, या वेळात बहुतेक चालक मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक फारच कमी वापरतात. तिसरा, अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के जणांनी गाडी स्वतःच्या मनाने, नाही तर घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेली होती. आपल्याकडे याहून वेगळे काय आहे?

आता थोडे गणित. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. धोका दिसणे, तो ओळखणे आणि हात ब्रेकवर जाणे यात दीड सेकंद गेला, असे धरू. एवढ्यात गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा चालक साधारण १४ मीटरमध्ये थांबतो. फक्त मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याला ३० मीटरहून अधिक अंतर लागते. याचा अर्थ असा की, पहिल्याची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसऱ्याची गाडी अजून ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. गाड्या सारख्या, रस्ता तोच, दिसण्याची वेळही तीच. एकाच्या तोंडून शिवी निघते आणि दुसऱ्यासाठी रुग्णवाहिका बोलवावी लागते.

याचे कारण भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकात सापडते. ब्रेक लागला की गाडीचा आणि चालकाचा भार पुढे सरकतो. बस थांबताना उभे प्रवासी पुढे झुकतात, तसाच. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. टायरची पकड त्यावरच्या भारावर अवलंबून असते. म्हणून थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते, मागच्या हलक्या चाकाला जरा जास्त दाबले की ते घसरते. उतारावर हा फरक आणखी वाढतो, कारण तिथे भार मुळातच पुढे असतो आणि गुरुत्वाकर्षण गाडीला खाली ओढत असते. दहा मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता धरला, तर फक्त मागच्या ब्रेकवर लागणारे अंतर ५० मीटरच्या जवळ जाऊ शकते. आई माता मंदिराकडून उतरताना ज्याचा उजवा हात ब्रेकवर जात नाही, त्याने आपली अर्ध्याहून अधिक ताकद घरी ठेवलेली असते.

मग काकांचा सल्ला खोटा का? पूर्ण खोटा नाही. पुढचा ब्रेक गचकन आवळला, तर भार पुढे येण्याआधीच चाक अडकते आणि गाडी आडवी होते. वळणावर, वाळूत, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर किंवा ड्रेनेजच्या झाकणावर तर हमखास होते. तोच ब्रेक आधी हलका, मग भार आल्यावर अधिकाधिक दाबत नेला, तर गाडी झपाट्याने आणि सरळ थांबते. संत्र्याची फोड पिळताना आपण एकदम चेंगरत नाही, दाब वाढवत नेतो, तसेच. पुढचा ब्रेक वापरू नकोस, असे न सांगता तो कसा वापरायचा हे शिकवायला हवे होते.

समजले म्हणजे आले असे नाही

हे वाचून एखादा वाचक म्हणेल, आता कळले, उद्यापासून पुढचाही ब्रेक वापरू. इथेच मेंदूचे विज्ञान आडवे येते. माहिती साठवणारी स्मरणशक्ती आणि अंगवळणी पडलेल्या क्रियांची स्मरणशक्ती या मेंदूतल्या वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. पहिली वाचून तयार होते. दुसरी तयार होण्यासाठी लहान मेंदू आणि मेंदूच्या खोल भागातील केंद्रांना एकच हालचाल पुन्हा पुन्हा, चुका दुरुस्त करत करून घ्यावी लागते. पुस्तक वाचून कुणाला पोहता येत नाही आणि व्याख्यान ऐकून तबला वाजवता येत नाही. ब्रेकचेही तसेच आहे.

घाबरल्यावर तर वाचलेले काहीच मदतीला येत नाही. अचानक समोर काही आले की शरीरात ॲड्रेनॅलिन उसळते, मुठी आवळल्या जातात, हात ताठ होतात आणि नजर नेमकी त्याच वस्तूवर खिळते. गाडी नजरेच्या दिशेने जाते, म्हणून ज्याला चुकवायचे त्याच्यावरच आपण जाऊन आदळतो. त्या दीड-दोन सेकंदांत विचार करायला सवड नसते. शरीर फक्त तेच करते, जे त्याने सर्वांत जास्त वेळा केलेले असते. ज्याने वर्षानुवर्षे उजव्या पायाने किंवा डाव्या मुठीने मागचाच ब्रेक दाबला, तो संकटातही तोच दाबणार. ही निष्काळजीपणाची बाब नाही. मेंदू तसाच घडलेला आहे.

सराव कसा करावा, याबद्दलही विज्ञान बरेच काही सांगते. एका दिवसात सलग दोन तास घाम गाळण्यापेक्षा चार वेगवेगळ्या दिवशी अर्धा अर्धा तास सराव केला, तर कौशल्य अधिक टिकते. मधल्या झोपेत मेंदू शिकलेली हालचाल पक्की करतो. सराव थांबला की कौशल्य हळूहळू बोथट होते. गाडी बदलली की पुन्हा थोडे पहिल्यापासून सुरू करावे लागते. हर्टच्या पाहणीत अर्ध्याहून अधिक चालक अपघाताच्या गाडीवर पाच महिन्यांहून कमी काळ बसलेले होते, जरी त्यांना गाडी चालवण्याचा एकूण अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता. दसरा-पाडव्याला नवी गाडी घेऊन दुसऱ्याच दिवशी ताम्हिणी घाटात निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शर्यतीच्या मैदानाकडून काय घ्यावे

आता एका वेगळ्या जगात डोकावू. २८ जानेवारी २०२४ रोजी म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीच्या ढिगाऱ्यांवरून हवेत उंच उडणाऱ्या मोटारसायकली पाहायला पुणेकरांनी गर्दी केली. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची भारतातील पहिली शर्यत झाली. तिथल्या गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात. पाहणाऱ्याला वाटते, ही माणसे जिवावर उदार झालेली आहेत.

प्रत्यक्षात त्यांच्या आठवड्याचा कार्यक्रम पाहिला, तर उलटे चित्र दिसते. मुख्य शर्यत रविवारी असते, पण जगातले हे सर्वोत्तम चालक शुक्रवारपासून त्याच ट्रॅकवर सराव करतात. कुठल्या वळणाआधी कुठे ब्रेक लावायचा, हे ते फेरीमागून फेरी घासून पक्के करतात. रविवारी सकाळी पुन्हा थोडा वेळ गाडी आणि अंग गरम करून घेतात. अंगात हवेची पिशवी असलेला चामड्याचा पोशाख असतो, तो मोटोजीपीत २०१८ पासून सक्तीचा आहे. वळणाच्या बाहेर मोकळी जागा आणि खडीचा पट्टा असतो, म्हणजे पडलेला माणूस भिंतीवर न आदळता घसरत थांबतो. झेंडे घेतलेले स्वयंसेवक जागोजागी उभे असतात आणि वैद्यकीय पथक तयार असते. बुद्ध सर्किटवर त्या दिवशी उकाडा इतका होता की, चालकांच्या तब्येतीचा विचार करून शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली गेली. थकलेले शरीर चुका करते, हे तिथे गृहीत धरलेले असते.

एवढे करूनही धोका संपत नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेत बेंगळुरूचा अवघ्या १३ वर्षांचा मुलगा पडून दगावला. मैदान बंदिस्त असले म्हणजे सुरक्षित असतेच असे नाही. किती वयाच्या मुलाला किती वेगाची गाडी द्यायची, एका वेळी किती जणांना सोडायचे, पडलेल्यामागून येणाऱ्यांना कसे थांबवायचे, हे प्रश्न तिथेही सुटलेले नाहीत. म्हणून शर्यतीचे कौतुक करताना तिच्याकडून वेग उचलायचा नाही. तिची शिस्त तेवढी घ्यायची. आधी सराव, मग रस्ता. पडण्याची शक्यता गृहीत धरून जागेची आखणी. आणि थकव्याची कबुली.

आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. वेगाचे आकर्षण असलेली पोरे रात्री मोकळ्या रस्त्यावर गाड्या पळवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार तो गुन्हा आहे आणि असायलाच हवा. पण बाकीचे लाखो शहाणे दुचाकीस्वार, ज्यांना वेगाचे वेड नाही, त्यांनाही करकचून थांबण्याचा पहिला सराव भर गर्दीत, खऱ्या संकटातच करावा लागतो. पहिला प्रयोग हीच त्यांची परीक्षा ठरते.

आठचा आकडा आणि त्यापुढे

पुण्यात दुचाकीचे पक्के लायसन्स काढायचे तर आळंदी रस्त्यावर फुलेनगरच्या कार्यालयात चाचणी द्यावी लागते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या ३० दिवसांमागची कल्पना चांगली आहे, तेवढ्या काळात माणसाने शिकावे. पण कुठे शिकावे, याचे उत्तर त्यात नाही. मोटारीसाठी ड्रायव्हिंग स्कूल असतात. दुचाकी शिकण्यासाठी सोसायटीची गल्ली, सुटीच्या दिवशी ओस पडलेला एखादा रस्ता आणि मागून धावणारा बाप, एवढीच शाळा.

चाचणीत पाय न टेकवता आठचा आकडा काढणे महत्त्वाचे मानले जाते. त्यातून तोल आणि क्लचवरचा ताबा कळतो, ते निरुपयोगी नाही. पण आठचा आकडा चालण्याच्या वेगाने काढतात आणि माणूस मरतो तो चाळीस-पन्नासच्या वेगात थांबता न आल्याने. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १५ व्या नियमात आणीबाणीत वाहन थांबवता यायला हवे, ही अपेक्षा लिहिलेली आहेच. ती कागदावरून मैदानावर आणणे बाकी आहे. ब्रिटनमध्ये २००९ पासून मोटारसायकलच्या परीक्षेचा एक भाग रस्त्याबाहेर, बंदिस्त जागेत होतो. त्यात ताशी ५० किलोमीटर वेगाने येऊन सुरक्षित थांबून दाखवावे लागते आणि त्याच वेगात अडथळा चुकवून दाखवावा लागतो. जो थांबू शकत नाही, त्याला रस्त्यावरच्या पुढच्या परीक्षेला बसताच येत नाही.

‘आता एबीएस आले, मग सराव कशाला?’ असाही प्रश्न येईल. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे, त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा. दोन्ही उपयोगी आहेत. पण एबीएस चाक अडकू देत नाही, इतकेच. ब्रेक जोरात दाबायचे काम चालकालाच करावे लागते, आणि घाबरून जो दाबतच नाही त्याला यंत्र वाचवू शकत नाही. एबीएस काम करू लागले की लिव्हर हाताखाली थरथरते. ती थरथर आयुष्यात पहिल्यांदा अपघाताच्या क्षणी जाणवली, तर माणूस दचकून ब्रेक सोडून देतो. शिवाय शहरातल्या बहुसंख्य स्कूटर आणि छोट्या मोटारसायकलींवर अजून एबीएस नाही.

सराव म्हणजे कवच नव्हे

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. दुचाकी प्रशिक्षणाने अपघात कमी होतात का, याचा आढावा कोक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये घेतला. २३ अभ्यास तपासून त्यांनी सांगितले की, कोणत्या प्रशिक्षणाने किती फायदा होतो हे ठामपणे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यातून मिळत नाही. प्रशिक्षण घेतलेला माणूस कधी कधी स्वतःला उस्ताद समजू लागतो आणि जास्त धाडस करतो, ही भीती या क्षेत्रातले जाणकारही बोलून दाखवतात. एक दिवसाचा कोर्स, एक प्रमाणपत्र आणि गळ्यात पट्टा, असल्या प्रशिक्षणाची भलामण आम्हाला करायची नाही.

हेल्मेटबाबत मात्र पुरावा भक्कम आहे. कोक्रेनच्याच २००८ च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती काढणाऱ्या आमच्या शहराला हे आकडे नव्याने सांगावे लागतात, हे दुर्दैव. सराव हेल्मेटची जागा घेत नाही. वेग कमी ठेवण्याचीही जागा घेत नाही.

आणि अपघाताचे खापर दुचाकीस्वाराच्या माथी फोडण्याचाही हेतू नाही. गंगाधाम परिसरात अवजड वाहनांनी दुचाकीवरच्या माणसांचे जीव घेतल्याच्या बातम्या बिबवेवाडीकरांना नव्या नाहीत. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसमोर कुणाचाही सराव कामी येत नाही. खड्डे, रस्त्यावर सांडलेली खडी, बंद पडलेले दिवे आणि उतारावर बेदरकार येणारे डंपर यांचा बंदोबस्त महापालिका आणि वाहतूक पोलिसांनीच करायचा आहे. दुचाकीस्वार ब्रेक शिकला म्हणून त्यांची जबाबदारी कमी होत नाही. पण रस्ता सुधारेपर्यंत रोज त्याच रस्त्याने जावे लागणार असेल, तर आपल्या हातातले साधन तरी पूर्ण वापरता यायला हवे.

जागा आहे, वेळ काढायला हवा

यासाठी कोट्यवधींचा रेसिंग ट्रॅक लागत नाही. थांबण्याच्या सरावाला साठ-सत्तर मीटर लांब, सपाट, कोरडी, खडी नसलेली आणि बंदिस्त जागा पुरते. बिबवेवाडीच्या आसपास अशा जागा आहेत. महाविद्यालयांची पार्किंगची आवारे रविवारी रिकामी असतात. बाजार आवारातील काही डांबरी पट्टे साप्ताहिक सुटीला मोकळे असतात. औंधमध्ये मुलांना नियम शिकवण्यासाठी वाहतूक उद्यान उभे राहिले, मग मोठ्यांना थांबायला शिकवण्यासाठी महिन्यातून दोन रविवार सकाळचे दोन तास मिळायला हरकत काय? परिवहन विभागाने चाचणीचे मैदान सुटीच्या दिवशी नाममात्र शुल्कात शिकाऊ परवानाधारकांना खुले करावे. ताशी ३० किलोमीटरवरून ठरावीक अंतरात सरळ थांबणे, एवढी एकच गोष्ट चाचणीत आणली, तरी पुढच्या पाच वर्षांत शहराची सवय बदलू लागेल.

ज्या जिल्ह्यातील आकुर्डी आणि चाकण ही नावे देशभर दुचाकींमुळे ओळखली जातात, तिथे नवी गाडी विकताना ग्राहकाला एक तास ब्रेकचा सराव करून देणे उद्योगाला जड जाऊ नये. डिलिव्हरी कंपन्यांनी तर हा तास कामाच्या वेळेत आणि पगारी द्यावा. ज्यांच्या पायावर त्यांचा धंदा चालतो, त्या मुलांच्या हाडांची किंमत अर्ध्या तासात पोहोचणाऱ्या पिझ्झाहून जास्त आहे.

या जागांनाही शर्यतीच्या मैदानाची शिस्त हवी. एका वेळी एकच गाडी. पुढे थांबण्यासाठी पुरेशी मोकळी जागा आणि कडेला खांब, कठडा वा उभ्या गाड्या नसाव्यात. परवाना नसलेल्या मुलांना प्रवेश नको. प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस हजर हवा. आणि दर वीस मिनिटांनी विश्रांती व पाणी.

तोवर वाचकांनी आपल्यापुरते काय करावे? अशी सुरक्षित, बंदिस्त जागा परवानगीने मिळाली, तर टायरमधली हवा आणि ब्रेक तपासून, हेल्मेट, बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून एकट्याने गाडीवर बसावे. मागे कुणी नको, पण कडेला लक्ष ठेवायला एक माणूस हवाच. सुरुवात ताशी २० किलोमीटरने. खडूची रेघ आली की दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा आधी हलका मग वाढवत, हँडल सरळ, नजर लांब समोर. पुढचे चाक अडकल्यासारखे वाटले, तर लगेच ब्रेक सैल करावा. आठ-दहा वेळा नीट जमल्यावरच ३० चा वेग. ३० वरून सरावलेला चालक कोरड्या रस्त्यावर पाच-सहा मीटरमध्ये थांबतो, फक्त मागचा ब्रेक वापरणारा जवळजवळ दुप्पट अंतर घेतो. पावलांनी मोजून पाहावे, फरक डोळ्यांना दिसतो. त्याहून वेग वाढवण्याचा मोह जाणत्या शिक्षकाशिवाय करू नये. आठवड्याने पुन्हा, पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा आणि गाडी बदलली की पुन्हा हा सराव करावा. आणि दररोज सिग्नलला थांबताना दोन्ही ब्रेक हळुवार वापरण्याची सवय लावावी. खरा सराव तिथेच मुरतो.

घरोघरी कुणी ना कुणी सध्या गाडी शिकत असेल. भाची असेल, नातू असेल, चाळिशीत पहिल्यांदा स्कूटर हाती घेतलेली एखादी काकू असेल. त्यांना शिकवताना जुने वाक्य बदलू या. ‘पुढचा ब्रेक मारू नकोस’ याऐवजी ‘चल, मोकळ्या जागेत जाऊन थांबायला शिकू’ असे म्हणू या. गाडी चालवायला सगळेच शिकवतात. थांबायला शिकवणारा माणूस, त्यासाठी जागा आणि महिन्यातला एखादा तास एवढे या शहराने आपल्या दुचाकीस्वारांना द्यावे. आई माता मंदिराच्या उतारावर रोज सकाळी जे जीव मुठीत धरून उतरतात, त्यांच्या त्या मुठीत पुढचाही ब्रेक असायला हवा.